अण्णांचा फोन वाजत होता तोवर

माझे वडील चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर बसतात आणि लोकांचे मोबाईल सांभाळतात. आत शॉपवर, म्हणजे मशीनी चालतात तिथे, फोन न्यायला बंदी आहे. शिफ्टला येणारा प्रत्येक जण गेटवरच्या लाकडी खणात आपला फोन ठेवतो, टोकन घेतो आणि आत जातो. आठ तास ते फोन तिथे थरथरत, गाणी म्हणत पडून राहतात. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचा हप्तेवाला. अण्णा एकही फोन उचलत नाहीत, तसा नियमच आहे. पण एकाच खणातला फोन लागोपाठ चार-पाच वेळा वाजला की ते खुर्चीतून उठतात आणि आत सुपरवायझरला निरोप धाडतात, "सतरा नंबरच्या घरी कायतरी झालंय, सोडा त्याला."

या बंदीवर मी दोन पत्रकं लिहिली आहेत. घरी कुणी मरायला टेकलं तरी कामगाराला शिफ्ट सुटल्यावर कळावं, ही कुठली शिस्त, असं त्यात आहे. मी चिंचवडला कंत्राटी कामगारांच्या एका लहानशा संघटनेत काम करते. पत्रकं लिहिणं, छापून आणणं, घडी घालणं आणि पहाटे कंपन्यांच्या गेटवर वाटणं हे माझं काम. अण्णांनी दोन्ही पत्रकं वाचली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "खरं हाय तुझं. पर आत न्यायलाच देत न्हाईत तर बाहीर कुणीतरी राखायलाच लागतंय की."

इतक्या वर्षांत त्यांच्या खणांतून एक फोन इकडचा तिकडे झाला नाही. त्यांचा स्वतःचा गेला तो चाकण चौकात, शेअर रिक्षात. पहिली शिफ्ट सुटलेली, तिघांच्या जागेवर सहा जण, अण्णा कडेला अर्धे बाहेर. कुरुळीला उतरून पैसे काढायला हात वर नेला तर शर्टाचा वरचा खिसा रिकामा.

मला त्यांनी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून कळवलं. मी ऑफिसात पत्रकांच्या घड्या घालत बसले होते.

"मी बोलायलोय. फोन गेला माझा."

"गेला म्हणजे?"

"काढला कुणीतरी रिक्षात."

"वरच्या खिशात कशाला ठेवता, अण्णा? हजार वेळा सांगितलं! आणि लॉक तरी घातलं होतं का?"

"न्हाई."

मी आणखी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, त्यात तुझी आई होती."

हे नीट सांगायला हवं. आमच्या पट्ट्यात नवरा-बायको दोघं कामावर असतील आणि शिफ्टा उलटसुलट असतील, तर संसार फोनवरच होतो. माझ्या आईवडिलांचा तसाच झाला. आई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची, सकाळी साडेसहाला घर सोडायची. अण्णा तेव्हा गेटवर नव्हते, पत्रा ठोकायच्या प्रेस मशीनवर होते, बहुतेक रात्रपाळीला, आणि ते घरी पोचायचे सात वाजता. कधीमधी कुरुळी फाट्यावर गाठ पडायची, ती बसमध्ये चढणारी आणि ते उतरणारे. एकमेकांच्या हातात किल्ली द्यायची, बस्स. बाकी बोलणं फोनवर. अण्णांचा फोन साधा, स्वस्तातला, आणि त्यात प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचा. हे आम्हाला तिघांनाही ठाऊक नव्हतं. आई कॅन्टीनमध्येच चक्कर येऊन पडली आणि तीन दिवसांत गेली. वर्षश्राद्धाला लावायला तिचा फोटो शोधताना मला तो फोल्डर सापडला. दोनशेच्या वर कॉल होते.

बहुतेक सगळे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे. दूध तापवलंय, साय पोरीला ठेवा. गॅस संपत आलाय, बारीक ठेवा. आज लई पाय दुखायलेत. त्या वहिनीला पाटी परत दिली का? एका कॉलमध्ये ती बोलून झाल्यावर फोन कट करायचीच विसरली होती. मग चार मिनिटं नुसता भांड्यांचा आवाज, कुणाला तरी "अगं सटवे, जळाली की पोळी!" म्हणून ओरडणं आणि त्यानंतर तिचं हसणं. अण्णांचा तो सगळ्यात आवडता. गेटवर शिफ्ट आत गेली की तास-दीड तास शांतता असते. तेव्हा ते एका कानात इअरफोन घालून ऐकत बसायचे.

त्यांनी मला तीनदा सांगितलं होतं, "ह्ये दुसरीकडं बी ठिवून दे बाई कुटंतरी." मी तीनदा म्हटलं, रविवारी करते. रविवारी माझ्या मीटिंगा असायच्या. पंधरा मिनिटांचं काम होतं ते. परवानगी मागायची नव्हती, अर्ज करायचा नव्हता, कुणाशी भांडायचं नव्हतं. मी केलं नाही.

त्याच संध्याकाळी मी अण्णांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. हवालदार पन्नाशीचे होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. सगळं ऐकून म्हणाले, "गहाळ लिहा, ताई. ऑनलाइन होतं. पाच मिनिटांत दाखला हातात."

"गहाळ नाही झालेला. चोरीला गेलाय."

"कुणी काढताना बघितलंय का?"

"खिशातून आपला आपण उडी मारून गेला का मग?"

"हे बघा, गहाळ लिहिलं तरी शोध होतोच. फोन ब्लॉक करायला तेवढा दाखला पुरतो."

"गहाळ लिहिलं की चूक आमची होते. चोरी लिहिली की काम तुमचं होतं. म्हणून तुम्हाला गहाळ पाहिजे."

हे वाक्य माझं नव्हतं, आमच्या पत्रकातलं होतं. 'गहाळ लिहू नका, चोरीच लिहा' असं पत्रकच आम्ही काढलं होतं, कारण कामगार वस्त्यांतून फोन चोरीला जातात आणि कागदावर मात्र ते हरवतात. ते आजही मला पटतं. हवालदारांनी चष्मा काढला आणि अण्णांकडे वळले. "काका, काय काम करता?"

"कंपनीच्या गेटवर. लोकांचे फोन सांभाळतो."

"म्हणजे आमच्याच खात्यातले की तुम्ही!" ते हसले. अण्णाही हसले, ओशाळून. "पोरीला वकील करा. नाहीतर वकिलाला तरी देऊ नका, घरात रोज तारखा पडतील."

मला हसू आलं नाही. साहेब बंदोबस्तावर गेले होते. चोरीची तक्रार घ्यायची तर साहेब आल्यावर, म्हणजे उद्या. मी म्हटलं, उद्या तर उद्या. हवालदारांनी तरीही पुढचं सगळं समजावून सांगितलं. त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. फोनच्या खोक्यावर पंधरा आकडी नंबर असतो, तो आणा. तक्रारीची प्रत आणि आधार जोडून सरकारी वेबसाइटवर अर्ज भरा. मग देशात कुठलंही सिम घातलं तरी त्या फोनला नेटवर्क मिळत नाही, आणि कुणी सिम घालून बघितलं की पोलिसांना कळतं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "नवीन सिम घेतल्यावर त्यो फोन वाजल का?"

"छे. जुनं सिम बंदच होणार ना. ब्लॉक झाला की नुसता डबा."

"मग नगं इतक्यात," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, नको कशाला? बँक खातं त्या नंबरला जोडलेलं आहे, चोर खातं धुऊन नेईल. ते म्हणाले, "न्हेऊ दे. वाजायलाय अजून. वाजायलाय तोवर कुणीतरी उचलंल."

ते खरं होतं. ठाण्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला होता आणि पूर्ण रिंग गेली होती. घरी येईपर्यंत आणखी दोनदा लावला. प्रत्येक वेळी फोन कानाला धरून मान हलवायचे, "वाजायलाय." गेटवर इतकी वर्षं दुसऱ्यांचे वाजणारे फोन ऐकलेला माणूस तो. वाजणारा फोन म्हणजे जवळपास कुणीतरी आहे, हा त्यांचा हिशेब. बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून मी तेवढं खातं बंद करवलं आणि सिमचं काम एक दिवस लांबवलं. माझ्यापुरती ती मी त्यांना दिलेली सवलत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि आम्ही पुन्हा ठाण्यात जाऊन बसलो. फोनचं खोकं मी आणलं होतं. त्यात आईच्या बीपीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट होतं, ते तसंच राहू दिलं. साहेब दुपारी आले. मी उभी राहून बोलले, साहेबांनी ऐकलं आणि चोरीची तक्रार लिहून घेतली. खरंच घेतली. शिक्क्याची प्रत हातात आली तेव्हा मला केवढं वाटलं! बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन मी त्या प्रतीचा फोटो काढला आणि संघटनेच्या ग्रुपवर टाकला, 'ठाम राहिलं की होतं' असं वर लिहून. अण्णा शेजारी उभे. म्हणाले, "दे जरा, एकदा लावतो."

त्यांनी लावला. आणि तो उचलला गेला.

मला कळलं ते अण्णांच्या चेहऱ्यावरून. त्यांनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी फोन धरला. स्पीकर चालू केला, कारण त्यांना कमी ऐकू येतं. प्रेसवरचे कान.

"हॅलो? भावा, त्यो फोन माझा हाय."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न. मग एक माणूस म्हणाला, "किती वेळा लावताय काका कालपासनं." आवाज तरुण होता. आमच्याकडच्या कुठल्याही कंपनीत लाइनवर कामाला असेल असा.

"फोन तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. मी तुला काई म्हणत न्हाई. त्यात माझ्या बायकोचं बोलणं हाय, तेवढं दे मला."

"बोलणं म्हणजे?"

"रेकॉर्डिंग हाय. ती वारली."

मी ग्रुपवर टाकलेल्या फोटोला येणारे मेसेज वरच्या वर टणटण वाजत होते. मग तो म्हणाला, "कुठंय ते? नाव काय टाकलंय?"

"घर. तिचा नंबर मी घर म्हणून ठिवला व्हता."

"थांबा... घर. हां, दिसतंय घर. लय आहेत हो काका."

"व्हय, लई हायेत," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात असं काही आलं की मला ते सहन झालं नाही. माझा बाप चोरासमोर हात जोडून उभा होता. भावा म्हणत होता त्याला. आपलीच वस्तू परत मागायला गयावया करत होता, आणि माझ्या हातात शिक्क्याची प्रत होती. मी फोन हिसकावून घेतला.

"कोण बोलतोयस तू? चोरीची तक्रार झालीय तुझ्यावर! ठाण्याच्या दारात उभे आहोत आम्ही. पोलिसांकडे तुझं लोकेशन आलेलं आहे, कळलं? तासाभरात फोन आणून दिला नाहीस तर..."

लोकेशन आलेलं नव्हतं. ते मी रचलं. कलम कुठलं, शिक्षा किती, ते सगळं गेटवरच्या भाषणासारखं माझ्या तोंडून निघालं. माझं बोलून झालं तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा लावला. बाई म्हणाली, आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे. त्यांनी परत लावला. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. पाच-सहा वेळा लावून झाल्यावर अण्णांनी फोन माझ्या हातात ठेवला, गार झालेला चहा पिऊन टाकला आणि पैसे दिले.

"सापडलं व्हतं त्याला," ते म्हणाले. एवढंच. मला एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

तो माणूस देणार होता का? मला माहीत नाही. देतो सांगून पैसे मागणार होता, टिंगल करत होता, की खरंच त्याला कणव आली होती? मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावलं की चोर तो चोर. पण मागाहून ऐकू यायचं ते त्याचं "थांबा..." म्हणणं. टिंगल करणारा माणूस शोधत बसत नाही.

तिसऱ्या दिवशी सिम घेतलं. अण्णा म्हणाले, "आता करा काय करायचं ते." अर्जाला ओटीपी लागतो आणि नव्या सिमवर पहिला दिवस मेसेज येत नाहीत, म्हणून अर्ज चौथ्या दिवशी भरला. पंधरा आकडे अण्णांनी खोक्यावर बोट ठेवून एकेक करत वाचून दाखवले आणि मी टाकले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की फोन ब्लॉक झाला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, त्या मेल्याला तरी वापरता येणार न्हाई." अण्णांनी सिम एका बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि कामावर गेले. गेटवर पोरांनी त्यांची यथेच्छ चेष्टा केली. "अण्णा, तुमच्या फोनचं टोकन कुणाकडं दिलंय?" "अण्णा, माझा आज खिशातच ठेवू का, तुमचा काय भरवसा?" तेही म्हणे हसले. मला हे एका कामगारानेच सांगितलं, फार गंमत सांगितल्यासारखं.

त्या रविवारी मी घरी होते. पोळ्या करत होते. अण्णांनी ओट्यावरचा माझा फोन उचलला आणि सवयीने स्वतःचा नंबर लावला. त्यांच्याच खिशात घंटी वाजली. त्यांनी बटणाचा फोन काढला, त्यावरचं माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "तुझाच हाय." मग दोन्ही फोन ओट्यावर ठेवून बाहेर जाऊन बसले.

पाचेक महिन्यांनी ठाण्यातून फोन आला की मोबाईल मिळाला. दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी त्यात सिम घालून बघितलं आणि तो नोंदीत आला. म्हणजे हवालदारांनी सांगितलं होतं ते सगळं बरोबर होतं, आणि त्याला गहाळचा दाखलाही पुरला असता. परत मिळालेले फोन वाटायचा कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. टेबलावर पांढरी चादर, त्यावर ओळीने फोन, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ओळीतून चालताना ते दुसऱ्यांचे फोन निरखत होते, गेटवर निरखतात तसेच. हवालदारांनी लांबूनच ओळखलं, "काका, आला बघा तुमचा!" साहेबांच्या हस्ते फोन दिला गेला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्या फोटोत अण्णा हसताहेत. आईच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावावा असा फोटो आहे.

बाहेर आल्या आल्या त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "लाव. तुला जमतंय ते. घरमध्ये बघ."

मी बटण दाबलं. फोन उघडला आणि त्याने भाषा निवडायला सांगितली. दुकानातून आणलेला कोरा फोन पहिल्यांदा विचारतो तसं. मला तिथेच कळलं. तरी मी मराठी निवडली, पुढे पुढे गेले, फोल्डर उघडले. अण्णा खांद्यावरून बघत होते.

"खाली बघ की. खाली असतंय ते."

"अण्णा, पुसलंय सगळं."

"पुसलं कसं? ब्लॉक केल्तं न्हवं आपण?"

"ब्लॉक म्हणजे त्याला नेटवर्क मिळत नाही. आतलं पुसता येतं."

"मला वाटलं कुलूप बसतंय," ते म्हणाले.

पाच महिने हा माणूस काय समजून होता ते मला तेव्हा उमगलं. फोन लांब कुठेतरी आहे, पण बंद आहे, आणि आत ती आहे, भांडी वाजवत. सापडला की उघडायचा. मी चार दिवस त्यांच्याशेजारी बसून सगळे अर्ज भरले आणि ब्लॉक म्हणजे नेमकं काय हे त्यांना एका वाक्यात सांगितलं नाही. लोकांना त्यांचे हक्क सोप्या भाषेत समजावून सांगणं हे माझं काम आहे म्हणे.

ब्लॉक ठाण्यातूनच काढून दिला होता, म्हणून घरी येऊन मी त्यात सिम घातलं. खरंच चालतो का बघायला मी पलीकडच्या खोलीतून त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, म्हणाले, "हां, येतोय आवाज." ठेवल्यावर पडद्यावर बारीक अक्षरांत आलं, कॉल रेकॉर्ड झाला. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं.

"ह्ये परत साठवायलंय?"

"हो. आपोआप होतं त्यात."

"बंद कर."

"राहू द्या की, अण्णा."

"बंद कर म्हणलं ना."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. सेटिंग शोधायला वेळ लागला, किंवा मी लावला. मग मी इतके दिवस गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. "त्या दिवशी टपरीवर मी फोन हिसकावला नसता तर मिळालं असतं का हो ते?"

खरं सांगते, ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. चोरांचा काय भरवसा, तू कशाला मनाला लावून घेतेस, असं काहीतरी.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मिळालं असतं."

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, पँटच्या, आणि भात टाकायला उठले.